लग्न न करता एकत्र राहणं आणि डोक्यावरचं छप्पर : कायदा काय देतो, कागद काय देतो



आपल्या या पानावर आपण भागाकार, जोडाक्षरं, परिसर अभ्यास असे विषय घेतो. आजचा पाठ मुलांसाठी नाही, तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्यांसाठी आहे. विषय जरा अवघडल्यासारखा वाटेल, पण शाळेच्या दारात तो दर जून महिन्यात येऊन उभा राहतो. प्रवेश अर्जावर "वडिलांचे नाव", "पालकाचे नाव", "राहण्याचा पत्ता" असे रकाने असतात. ते भरताना काही आयांचा हात थांबतो. मुलाचे वडील घरात आहेत, संसार आहे, पण लग्न झालेलं नाही. किंवा काल-परवापर्यंत घर होतं आणि आज तिला बाहेर काढलंय, त्यामुळे पत्त्यात काय लिहायचं हेच तिला कळत नाही.

असं राहणं बरोबर की चूक, हे या लेखात ठरवायचं नाही. ज्याचं त्याचं मत असू द्या. आपला प्रश्न एवढाच : लग्न न करता जोडीदारासोबत राहणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः बाईला, त्या घरात राहण्याचा हक्क आहे का? आणि असेल तर तो कुठपर्यंत आहे?

उत्तर आधीच सांगून टाकते. घरात राहण्याचा हक्क आणि घराची मालकी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट काही अटींवर कायदा देतो. दुसरी गोष्ट फक्त कागद देतो. बहुतेक गोंधळ आणि बहुतेक रडारड या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होते.

हे फक्त मोठ्या शहरांचं खूळ आहे का?

"लिव्ह-इन" म्हटलं की आपल्याला मुंबई-पुण्याची आयटीतली मुलं आठवतात. पण आपल्या नाशिक जिल्ह्याकडेच बघा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरगावाहून आलेली कितीतरी तरुण मंडळी सिडको, पाथर्डी फाटा भागात खोल्या घेऊन राहतात. त्यांत लग्नाआधी एकत्र राहणारी जोडपीही असतात. घटस्फोटाचा निकाल लागायचा राहिलेला, म्हणून दुसरं लग्न करता येत नाही, अशीही माणसं असतात.

आणि जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पाड्यांवर तर ही गोष्ट नवी नाहीच. लग्नाच्या जेवणावळीचा खर्च जमेपर्यंत जोडपं एकत्र नांदतं, मुलं होतात आणि मग कधीतरी मुलांना कडेवर घेऊन सामुदायिक विवाहाच्या मांडवात उभं राहतं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत नोकरी केलेल्या कोणत्याही गुरुजींना विचारा.

दोन सज्ञान व्यक्तींनी स्वतःच्या इच्छेने एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. उत्तराखंड राज्यात जानेवारी २०२५ पासून अशा नात्याची नोंदणी बंधनकारक झाली आहे. महाराष्ट्रात तशी नोंदणी नाही. म्हणूनच आपल्याकडे "आम्ही एकत्र राहत होतो" हे सांगणारा एकच असा सरकारी दाखला मिळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुख्य कायदा कोणता?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. सगळ्या धर्मांच्या आणि जमातींच्या स्त्रियांना तो लागू आहे.

या कायद्यात "घरगुती नातं" म्हणजे काय ते सांगताना रक्ताचं नातं, लग्नाचं नातं यांच्यासोबत "विवाहासारखं नातं" हेही धरलेलं आहे. म्हणजे लग्न झालेलं नसलं तरी संसार लग्नासारखा असेल, तर ती बाई या कायद्याच्या छपराखाली येते.

दुसरा महत्त्वाचा शब्द आहे "सामायिक घर". ज्या घरात ती त्या पुरुषासोबत राहते किंवा राहिलेली आहे, ते घर. ते मालकीचं असो की भाड्याचं, कागदावर नाव तिचं असो, त्याचं असो किंवा दोघांचं.

कलम १७ म्हणतं, की घरगुती नात्यातल्या प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरात तिचा मालकी हक्क असो वा नसो. कायद्याची रीत सोडून तिला घराबाहेर काढता येत नाही. आणि तिला घरात येऊ न देणं, घराला कुलूप लावणं हीसुद्धा या कायद्यात "आर्थिक छळ" या सदरात मोडणारी हिंसाच आहे. मारहाण झाली तरच हा कायदा चालतो, हा समज मनातून काढून टाका.

दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यावर कलम १९ खाली असे आदेश मिळू शकतात :

१) तिला घरातून काढू नये, तिच्या राहण्यात अडथळा आणू नये.
२) त्या पुरुषाने स्वतः घर सोडावं. (असा घर सोडण्याचा आदेश घरातल्या दुसऱ्या स्त्रीविरुद्ध देता येत नाही.)
३) तो किंवा त्याचे नातेवाईक ती राहते त्या भागात येऊ नयेत.
४) त्याने घर विकू नये, गहाण टाकू नये.
५) तिला त्याच दर्जाचं दुसरं घर द्यावं किंवा त्याचं भाडं भरावं.

संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कोणतं नातं "विवाहासारखं"? इथेच खरी मेख आहे

कायद्याने शब्द दिला, पण व्याख्या दिली नाही. ती न्यायालयांनी हळूहळू घडवली.

२१ ऑक्टोबर २०१० चा वेलुसामी खटला. त्यातला पुरुष तामिळनाडूतल्या कोइम्बतूरच्या शाळेत शिक्षक होता. सर्वोच्च न्यायालयाने चार कसोट्या सांगितल्या. दोघं समाजात नवरा-बायकोसारखे वावरत असावेत. दोघांचं लग्नाचं वय झालेलं असावं. दोघं लग्नाला कायद्याने मोकळे असावेत, म्हणजे अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा-विधुर. आणि दोघं स्वेच्छेने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले असावेत. अधूनमधून शनिवार-रविवारी भेटणं यात बसत नाही.

२६ नोव्हेंबर २०१३ चा इंद्रा सरमा खटला. बंगळुरूची ही बाई अठरा वर्षं एका पुरुषासोबत राहिली. पण तो विवाहित आहे, त्याला मुलं आहेत, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. न्यायालयाने तिच्या नात्याला "विवाहासारखं" मानलं नाही. अठरा वर्षं राहूनही या कायद्याचं छप्पर तिला मिळालं नाही. अशा स्त्रियांचे हाल होतात, संसदेने यावर विचार करावा, असं न्यायालयाने नमूद केलं. याच निकालात तपासून बघायच्या गोष्टींची यादीही दिली : किती काळ राहिले, घर एक होतं का, पैसा एकत्र खर्च होत होता का, घरकामाची जबाबदारी कशी होती, मुलं आहेत का, लोकांत कसे वावरत होते, दोघांचा हेतू काय होता.

आता आपल्या शेजारचं उदाहरण. नाशिक-पुणे रस्त्यावर संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा आहे. तिथल्या देवगड मंदिरात २००५ साली एका जोडप्याचं लग्न लागलं. काही महिन्यांनी बाईला कळलं, की नवऱ्याची पहिली बायको आहे. पुढे पोटगीचा प्रश्न आला तेव्हा नवरा म्हणाला, "हे लग्न कायदेशीर नाहीच, मग पोटगी कसली?" ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "बादशहा" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सांगितलं, की पहिलं लग्न लपवून ज्याने फसवलं, त्याला स्वतःच्या लबाडीचा फायदा घेता येणार नाही. बाईला पोटगी मिळाली.

हा निकाल घराचा नाही, पोटगीचा आहे. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. माहीत असून विवाहित पुरुषासोबत राहिली तिला संरक्षण नाकारलं गेलं, फसवली गेली तिला मिळालं. म्हणून एकत्र राहण्याआधी "समोरच्याचं आधीचं लग्न आहे का, असेल तर घटस्फोटाचा निकाल लागलाय का" हे विचारणं आणि शक्यतो निकालाची प्रत बघणं यात संशयखोरपणा काही नाही. ही साधी काळजी आहे.

इथे एक गैरसमजही दूर करू. "पाच वर्षं एकत्र राहिलं की आपोआप लग्न झालं असं धरतात", असं चावडीवर आणि व्हॉट्सॲपवर दोन्हीकडे ऐकायला मिळतं. असा वर्षांचा आकडा आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने पोटगीच्या कलमातल्या "पत्नी" या शब्दात दीर्घकाळ पत्नीसारखी राहिलेली स्त्री घ्यावी, असा प्रस्ताव मंजूर केला होता. त्याची तेव्हा फार चर्चा झाली आणि कित्येकांना वाटलं, की कायदा झाला. तो कायदा झालाच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही तो बदल नाही. अविवाहित जोडीदाराला खर्चाची रक्कम मागायची असेल तर २००५ च्या कायद्याचं कलम २० हाच सरळ रस्ता आहे.

समजा, असं झालं तर... (सोडवून पाहू)

गणितात आपण "समजा" म्हणतो तसं इथेही म्हणू. समजा, एक मुलगा अंबडच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी कॉलेज रोडवरच्या दुकानात हिशेब लिहिते. दोघंही अविवाहित. तीन वर्षं सिडकोत एकत्र राहताहेत. शेजारीपाजारी त्यांना नवरा-बायको म्हणूनच ओळखतात.

*पहिला प्रसंग : फ्लॅट त्याच्या नावावर आहे आणि त्याने कुलूप बदललं.* तिला सामायिक घरात परत जाण्याचा आदेश मागता येतो. पण मालकी मात्र त्याचीच राहते. आदेश तिला छप्पर देतो, फ्लॅटमधला हिस्सा देत नाही.

*दुसरा प्रसंग : घर भाड्याचं, करार फक्त त्याच्या नावावर आणि तो निघून गेला.* घरमालक या नात्यात कुठेच नाही, त्यामुळे या कायद्याखाली त्याला धरता येत नाही. करार संपला की तो घर रिकामं मागू शकतो. इथे तिने त्या मुलाकडून दुसरं घर किंवा भाडं मागायचं.

*तिसरा प्रसंग : करार दोघांच्या नावावर.* आता तीही करारातली पक्ष आहे. "तुम्ही कोण?" असं घरमालक तिला विचारू शकत नाही आणि मुलगा एकटा तिचं राहणं रद्द करू शकत नाही. डिपॉझिटमध्ये दोघांनी किती दिलं तेही करारात लिहून घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असायलाच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. करारासाठी लग्नाचा दाखला लागतो असं या कायद्यात कुठेही नाही. नातं खोटं सांगून "पत्नी" लिहू नका. दोन नावं, दोन आधार, दोन सह्या, बस्स. नंतर वाद झाला तर खोटं लिहिलेलं आपल्यावरच उलटतं.

*चौथा प्रसंग : फ्लॅट त्याच्या नावावर, पण हप्ते ती भरते.* हा सगळ्यांत धोक्याचा प्रसंग. पैसे एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर, याला बेनामी व्यवहारांचा कायदा आडवा येतो. त्या कायद्यात पती-पत्नी आणि मुलं यांच्यासाठी सवलत आहे, अविवाहित जोडीदारासाठी नाही. उपाय एकच : पैसे भरायचे तर खरेदीखतात आणि इंडेक्स टूवर नाव पाहिजे, आणि शक्य झाल्यास कोणाचा हिस्सा किती तेही खतातच लिहायचं.

*पाचवा प्रसंग : फ्लॅट त्याचा होता आणि तो अपघातात गेला.* मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता वारसांकडे जाते. अविवाहित जोडीदार वारसांच्या यादीत नाही. पंधरा वर्षं त्या घरात दिवा लावलेला असला तरी नाही.

मालकी हवी तर चार कागद

१) खरेदीखत दोघांच्या नावावर. सर्वांत भक्कम.

२) मृत्युपत्र. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. स्वतःच्या कमाईची मिळकत कोणालाही देता येते. मुस्लीम कुटुंबांत साधारणपणे एक तृतीयांशाची मर्यादा असते, तेव्हा वकिलाला विचारून करावं.

३) बक्षीसपत्र. राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा). जोडीदार यात बसत नाही, त्याला विक्रीसारखं पूर्ण शुल्क पडतं.

४) सोसायटीतलं नाव. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत "सहयोगी सदस्य" कोण होऊ शकतो याची कायद्यात यादी आहे : पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाचा-पुतण्या, भाची-पुतणी. जोडीदार त्यातही नाही. मालकीत हिस्सा असेल तर मात्र "संयुक्त सदस्य" होता येतं.

आणि नॉमिनी? "माझं नाव नॉमिनी म्हणून आहे, मला चिंता नाही" असं म्हणणाऱ्यांनी कालनिर्णय आठवावं. "कालनिर्णय"चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या म्युच्युअल फंडांवरून चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं, की नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. जी कालगणना आपण भिंतीवर रोज बघतो, तिच्या घरचा हा धडा आहे. नॉमिनी म्हणजे सांभाळून ठेवणारा, मालक नव्हे.

पाड्यावरच्या जोडप्यांचं काय?

अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांच्यात रूढी चालते. म्हणून तिथे "लग्न झालंय की नाही" हा प्रश्न जमातीच्या रीतीवर ठरतो. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्यांनाही पूर्ण लागू आहे.

जमिनीचा मुद्दा मात्र बारकाईने बघा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले, त्यांच्या मोठ्या मागण्यांपैकी एक होती वनहक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहित असतील तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. लग्नाची कुठेच नोंद नसेल आणि पट्टा एकट्या पुरुषाच्या नावावर झाला, तर उद्या ती बाई कुठे उभी राहणार? ज्यांना लग्न करायचंच आहे, फक्त जेवणावळीमुळे अडलंय, त्यांना शिक्षकांनी आवर्जून सांगावं : गावजेवण नंतर घाला, पण रीतीप्रमाणे विधी करून ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी आधी करा. कितीतरी प्रश्न त्या एका कागदाने सुटतात.

मुलं आणि आपली शाळा

आता आपल्या कामाचं.

• पालक कोण? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार आई-वडिलांचं लग्न झालेलं नसेल तर मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, नंतर वडील. त्यामुळे आईची सही "चालणार नाही" असं आपण म्हणू शकत नाही.

• जन्म दाखला. अविवाहित आईने मागितला तर फक्त शपथपत्र घेऊन द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी सांगितलं आहे.

• प्रवेश. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १४). आणि आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला हे प्रवेशाचं कागदपत्र नाहीच. मागू नका.

• आईचं नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. ही मुलं २०३० च्या सुमारास आपल्या पहिलीच्या वर्गात बसतील. आपण आतापासून तयार असावं.

• पोटगी आणि वारसा. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाला वडिलांकडून पोटगी मिळते. मिळकतीच्या वादात आई-वडील दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले हे सिद्ध झालं, तर लग्न झालं होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. केरळमधल्या एका कुटुंबाच्या खटल्यात १३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं. पण समोरचा पक्ष पुरावा देऊन ते खोडू शकतो, त्यामुळे यावर विसंबून कागद करायचे टाळू नका.

इथे आपल्या रजिस्टरचं मोल कळतं. "मुलं आहेत का? लोकांत कसे वावरत होते?" या प्रश्नांचं उत्तर शोधताना शाळेचा प्रवेश अर्ज, पालक सभेच्या सह्या, जनरल रजिस्टरमधला पत्ता हे पुरावे ठरू शकतात. म्हणून पालक जे सांगतात आणि जे कागद देतात तेच लिहा. आपल्या मनाने वडिलांचं नाव घालू नका, गाळू नका, नंतर कोणी सांगितलं म्हणून खाडाखोड करू नका. आणि हो, स्टाफरूममध्ये चहासोबत त्या घराची चर्चा नको. मुलाच्या कानावर ती फिरून येतेच.

वेळ आलीच तर कुठे जायचं?

१) धोका असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१. मुलासाठी १०९८.

२) संरक्षण अधिकारी. महिला व बालविकास विभागाकडे असतात. ते कौटुंबिक घटना अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. अंगणवाडी ताईंना विचारलं तरी पत्ता मिळतो.

३) मोफत वकील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. नाशिकला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. फोन १५१००.

४) अर्ज ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयातही करता येतो. माहेरी निफाडला आली असेल तर निफाडला. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून वकिलांना अंतरिम आदेश मागायला सांगावं.

५) पुराव्याची पिशवी. भाडेकरार, गॅस आणि वीजबिल, बँकेचे व्यवहार, दवाखान्याची कागदपत्रं, मुलाचा जन्म दाखला, शाळेच्या पावत्या, एकत्र फोटो. सगळ्याच्या प्रती विश्वासाच्या माणसाकडे ठेवाव्यात. घराला कुलूप लागतं तेव्हा कपाटही आतच राहतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा कायदा स्त्रियांसाठी आहे. अविवाहित पुरुष जोडीदाराला त्याखाली अर्ज करता येत नाही. समलिंगी जोडप्यांना १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्क मिळाला नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी संयुक्त बँक खातं आणि एकाच शिधापत्रिकेत नाव यांबाबत वाट मोकळी केली. या सगळ्यांसाठी घराचा भरवसा म्हणजे वर सांगितलेले कागद : दोघांच्या नावाचा करार, दोघांच्या नावाचं खरेदीखत आणि मृत्युपत्र.

पालक सभेत किंवा घरी बोलण्यासाठी प्रश्न

१) तुम्ही राहता त्या घराच्या कागदावर कोणाकोणाची नावं आहेत? (लग्न झालेल्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा.)
२) राहण्याचा हक्क आणि मालकी यांतला फरक शेजारणीला एका वाक्यात कसा सांगाल?
३) "पाच वर्षांत आपोआप लग्न" हे कोणी म्हटलं तर काय उत्तर द्याल?
४) तुमची मुलगी किंवा मुलगा उद्या "आम्ही एकत्र राहतोय" असं फोनवर म्हणाला, तर रागावण्याआधी कोणते दोन प्रश्न विचाराल?

चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर देते. पहिला : दोघंही लग्नाला मोकळे आहात ना? दुसरा : भाडेकराराची नोंदणी झाली का आणि त्यावर दोघांची नावं आहेत ना? मग रागवायचं असेल तर खुशाल रागवा. पण हे दोन प्रश्न विचारले असतील, तर उद्या काही बिनसलं तरी तुमचं लेकरू रस्त्यावर येणार नाही, आणि काय करायचं हे विचारायला तुम्हालाच पहिला फोन करेल.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या ताईंना, मदतनीस मावशींना वाचून दाखवा. ज्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंत तो वाचूनच पोहोचेल.